दीपमाळेतला फोन

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला हर्षदा माझ्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या. वरच्या वाडीपासून तिकोणा पेठेपर्यंतची सगळी उतरण ती तशीच पळत आली होती. दोनच दिवसांपूर्वी तिच्या घरी मयत झालेली. सुतक म्हणून ती पायरीखालीच थांबली.

“काकू, माझा ब्लॉग गेला.”

“गेला म्हणजे? वाडीत रेंज नसते गं बाळा, उघडला नसेल.”

“न्हाई. गेलाच.” तिने फोनची काच माझ्याकडे वळवली. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती : हा ब्लॉग काढून टाकण्यात आला आहे.

त्या ब्लॉगमध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं. मीच तिला तो सुरू करून दिला होता. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर ठेवून मी पेठेतल्या बायामुलींना शिकवते, आणि ‘सोप्या युक्त्या’ नावाच्या माझ्या ब्लॉगवर रोज चार ओळी लिहिते. पासवर्ड कसा ठेवावा, फाइल कुठे हरवते, असलं साधंसुधं. हर्षदा माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तीन वर्षं ती दर दोन-तीन दिवसांनी वाडीबद्दल लिहीत आली होती. रानभाज्या, वाटा, आणि वाडीचा झरा. हंडे भरणाऱ्या बाया, झऱ्याला जाणारी पायवाट, प्रत्येक फोटोवर तारीख.

त्या तारखांना आता फार किंमत आली होती. पवनेच्या काठावर रिसॉर्ट चालवणाऱ्या कैलासने त्या पायवाटेवर कुंपणाचे खांब रोवले होते, आणि ‘इथे वहिवाट कधी नव्हतीच’ असं लिहून दिलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता वडगावला तहसील कार्यालयात सुनावणी होती. वाडीतल्या अठरा घरांकडे कागद नव्हता. होता तो हर्षदाचा ब्लॉग.

“मूळ फोटो असतील ना कुठे?” मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं. तिचा जुना फोन श्रावणात झऱ्यातच पडला होता, तोवरचे सगळे फोटो घेऊन. ‘दुसरीकडे एक प्रत ठेवा’ हा माझा धडा त्याच आठवड्यात तिचा बुडाला होता. मी तो पुन्हा घेतला नाही.

मी कॉम्प्युटर लावला. पासवर्ड चालेना. तो सकाळी सहा एक्कावन्नला बदलला होता, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही. नव्या नंबरचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसत होते, ओळखीचे नव्हते. तक्रारीचा फॉर्म भरला तर उत्तर आलं : पडताळणीला सात दिवस लागू शकतात.

“शुक्रवार तीन दिवसांवर आहे, काकू.”

“रडू नकोस. काढलेला ब्लॉग महिनाभर कचरापेटीत राहतो, परत आणता येतो. फक्त किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे.”

पण ती किल्ली मिळवायला आधी हर्षदाच्या फोनवर येणारा ओटीपी लागला असणार. तिने मेसेज उघडले. सहा आकडी ओटीपी होता. सहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी आलेला.

त्या वेळी तिचा फोन दीपमाळेत होता. आणि तो तिथे ठेवला होता मी.

२

वाडीत रेंज येते ती एकाच जागी, देवळापुढच्या दीपमाळेपाशी. त्रिपुरी पौर्णिमेला प्रत्येक घर आपापल्या कोनाड्यात पणती लावतं. कुठला कोनाडा कुणाचा हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. मोबाइल आले तेव्हा त्याच कोनाड्यांत मोबाइल जाऊन बसले. पहाटे फोन ठेवायचे, पाण्याला नाहीतर रानात जायचं, नऊला येऊन मेसेज बघायचे. हर्षदाच्या घरचा कोनाडा तिसऱ्या थरातला, उगवतीकडचा. गेल्या त्रिपुरीला लोणावळ्याहून तिची मैत्रीण समीक्षा आली होती. तीही ब्लॉग लिहिते, भटकंतीचा. तिच्या हातून चिमाआजींनी त्याच कोनाड्यात पणती लावून घेतली होती.

रविवारी चिमाआजी गेल्या. हर्षदाच्या वडिलांची, शिदूभाऊंची, ती चुलती. सुतकात घरच्या कोनाड्याला हात लावायचा नाही. मी रोज पहाटे त्या देवळात दिवा लावते, म्हणून हर्षदा मला म्हणाली, “काकू, तुमी ठेवाल का कुठं?” दिवा लावून झाल्यावर मी तिच्या अंगणातून फोन घ्यायची, अगदी खालच्या फुटक्या कोनाड्यात ठेवायची, आणि घरी येऊन पुन्हा अंघोळ करायची. त्या कोनाड्यात कुणी पणती लावत नाही. सोमवारी ठेवताना आमच्या पेठेतली स्नेहल माझ्याबरोबर होती. तिच्या आईने, नंदाबाईंनी, दुखवट्याच्या घरी पिठलं-भाकरी पाठवली होती, ती घेऊन आलेली.

मंगळवारी दुपारी मी पुन्हा चढण चढले. देवळाचे पुजारी केरबाआबा पायरीवर बसून वाती वळत होते.

“आबा, सकाळी हितं कोण कोण होतं?”

“मीच. तुमी गेल्यापास्नं नवापर्यंत झाडत हुतो. दुसरं कुत्रंबी न्हाई.”

“हर्षदाच्या फोनला कुणी हात लावला?”

आबांनी कानाच्या पाळ्या धरल्या. “सुतकाच्या घरचा फोन! कोन हात लावंल? म्या तर न्हाईच. मला गाभाऱ्यात जायचं असतंय. कुनीबी हात लावला न्हाई, ताई. देवाच्या दारात बसलोय.”

आबा खोटं बोलत नाहीत. मग फोन कुलूपबंद, हात कुणाचा नाही, आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात गेला कसा?

उतरताना शिदूभाऊ वाटेत भेटले. डोक्याचा गोटा केलेला, डोळे लाल.

“ताई, राग नका मानू. पोरगी तुमास्नी देव मानती. पन त्या दिसात फोन एकट्या तुमच्याच हातात हुता.”

मी पदर खोचला आणि तशीच उतरत राहिले.

३

पहाटे दिवा लावण्याआधीपासून घरी पोचेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. बुधवारी नेम पाळताना पहिल्यांदाच जड गेलं. माझं मन जपात नव्हतंच. त्यात केरबाआबा खराटा टाकून जवळ आले. “ताई, काल तुमी इचारलं, तवा एक सांगायचं—” म्हणाले. मी ओठांवर बोट ठेवलं. आबांनी जीभ चावली आणि मागे सरले.

घरी येऊन मी थेट रिसॉर्टवर गेले. कैलास रिसेप्शनवरच उभा होता, कानाला एक फोन, हातात दुसरा.

“काकू, मी हॉटेल चालवतो, हॅकर नाही,” तो हसला. “माझीच वेबसाइट तीन महिने बंद आहे, विचारा तुमच्या या स्नेहलला. आणि शुक्रवारी कागद आणा म्हणावं, कागद! फोटोबिटो कोण बघतंय?”

“मग तुम्हाला कसली काळजी?”

“मला? मला पुढच्या महिन्यातल्या फंक्शनची काळजी. समीक्षा मॅडमचं पुस्तक येतंय, मावळातल्या रानभाज्यांवर. आमच्याच लॉनवर प्रकाशन.” त्याने भिंतीवरची चौकट दाखवली. पुस्तकातलं एक पान होतं. वाटीभर भारंगीची भाजी, काठ चेपलेल्या पितळी थाळीत. खाली लिहिलेलं : भारंगीला तीन पाण्यांत उकळा, तिसरं पाणी झाडालाही घालू नका.

काहीतरी मनाला टोचलं. पण तेवढ्यात कैलासच्या मागे कॉम्प्युटरवर बसलेल्या स्नेहलवर माझी नजर गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी निघाले तशी ती फाटकापर्यंत धावत आली. “काकू, वाडीत सगळे माझंच नाव घेतायत ना? मला फोनची जागा माहीत होती, मी इथे नोकरी करते, मला कॉम्प्युटर येतो. आईशप्पथ, मी नाही! आई सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही.”

तिच्या विरुद्ध सगळं जुळत होतं. मला तिचा हात धरावासा वाटला आणि धरवेना.

दुपारी मी समीक्षाला फोन केला. तिला या गोष्टी आमच्यापेक्षा जास्त कळतात.

“अगंबाई! सगळा ब्लॉग?” ती हळहळली. “काकू, बाहेरचा कुणीतरी हॅकर असणार. बिचारी हर्षदा. त्यांच्याकडे सुतक आहे ना, म्हणून मीही तिला त्रास दिला नाही. फॉर्म भरलाय ना? मग आठवडाभर थांबायचं, दुसरं काय.”

“आठवडा नाही गं आपल्याकडे.”

“खरंय. पण काय करणार? तिला म्हणावं, धीर धर. आणि चिमाआजींना माझा नमस्कार सांगा हं. थंडीत त्यांचे गुडघे धरतात.”

“सांगते,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. चिमाआजींच्या नावाने डोळे भरून आले, त्या गेल्याचं फोनवर सांगवेना, एवढंच त्या वेळी कळलं.

४

गुरुवारी पहाटे माळावर दव होतं. दीपमाळ धुक्यात अर्धीच दिसत होती, आणि थराथरांत फोनचे लहान लहान उजेड लागत-विझत होते. लांबून पणत्याच वाटाव्यात. मी चालता चालता थांबले. उजेड का लागतोय? मेसेज येतोय म्हणून. कुणी हात लावला नाही तरी काच उजळतेच.

मग त्या उजळलेल्या काचेवर काय दिसतं?

घरी जाईपर्यंत थांबणं शक्य होतं. तासाभराचा प्रश्न होता. पण कालचा एक दिवस माझ्या त्या बोटाने घालवला होता, आणि उद्या शुक्रवार होता. मी हात जोडून देवाची क्षमा मागितली.

“आबा.”

आबांच्या हातातला खराटा थांबला. “ताई, तुमचं मौन—”

“मोडलं. मंगळवारी फोनला कुणी हात लावला नाही म्हणालात. पण कुणी पाहिला का?”

“मीच पाह्यला की! काल त्येच सांगत हुतो, तर तुमी व्हटावर बोट ठिवलं. मौनातल्या मानसाला बोलवू नये म्हनून गप बसलो.”

“सगळं सांगा. पहिल्यापासून.”

“माझा फोन वाजला. देवळाच्या पाटीवर नंबर हाय, अभिषेकासाठी कुनीबी करतंय. बाईमानूस हुतं. म्हनली, मी हर्षदाची मैत्रीण, तिचं कामपूटरचं काम अडलंय, आत्ता तिच्या फोनवर मेसेज येईल, त्यातले आकडे वाचून दावा. मला आकडं येत्यात, पावत्या फाडतो की.”

“आणि तुम्ही वाचले.”

“हात न लावता! वाकून वाचले. काचंवरच आलं हुतं.” आबांचा चेहरा उतरत गेला. “पोरीचं काम केलं म्हनून मला बरं वाटलं, ताई. त्याच्यानंच झालं का हे?”

“नंबर असेल तुमच्या फोनमध्ये?”

आबांनी खिशातून बटणांचा फोन काढला. काच काळी पडलेली. “कवाच गेलीय. नुसतं उचलायचं आन् बोलायचं.”

मी पायरीवर बसले. बाईमाणूस. पेठेत कॉम्प्युटर येणाऱ्या बाया माझ्या हाताखालच्याच. पहिली स्नेहल.

“आबा, नीट आठवा. फोन कुठे आहे, ते तिला कसं माहीत होतं?”

“तितंच तर गंमत झाली. ती म्हनली, तिसऱ्या थरात बघा, उगवतीला. म्या म्हनलं, बाई, त्यास्नी सुतक हाय, फोन खाली ठिवलाय. तर ती गपच झाली. मग म्हनली, अगंबाई, हो का?”

“कोण गेलं ते सांगितलंत?”

“तिनं इचारलं न्हाई. मी कशाला सांगू?”

मी उठले. दिवा लावला आणि उतरणीला लागले.

५

वाडीतून पेठेत, दुपारच्या गाडीने पेठेतून कामशेतला, तिथून लोणावळ्याला. सगळ्या वाटेत मी तेच परत परत तपासत होते, कारण माणसावर आळ घेणं सोपं नसतं.

स्नेहल असती तर? तिने सोमवारी माझ्यासमोर फोन फुटक्या कोनाड्यात ठेवलेला पाहिला होता. ती तिसरा थर सांगणार नाही. कैलास? त्याला वाडी म्हणजे फोटोबिटो. कुठला कोनाडा कुणाचा, हे तो कुणाकडून वदवून घेणार? घेतलं असतं तर पेठेतल्याच कुणाकडून, आणि पेठेत रविवारीच मयताची बातमी पोचली होती. फोन करणारीला घरचा कोनाडा ठाऊक होता, पण मरण ठाऊक नव्हतं. म्हणजे ती वाडीत मानाने येऊन गेलेली, आणि इथून लांब राहणारी.

आणि कालचा तो फोन. ‘त्यांच्याकडे सुतक आहे ना.’ मग, ‘चिमाआजींना माझा नमस्कार सांगा.’ ज्याला सुतक कळतं, त्याला कोण गेलं तेही कळतं. सांगणारा दोन्ही एका दमात सांगतो. सुतक माहीत आणि मेलेलं माणूस माहीत नाही, असं एकच कुणी असू शकत होतं. केरबाआबांनी ज्याला अर्धंच सांगितलं, ते.

समीक्षाने दार उघडलं. “काकू! तुम्ही इथे? या ना, चहा टाकते.”

“नको गं. सकाळी मौन मोडलं, म्हणून दिवसभर पाण्यावरच आहे आज.” मी खुर्चीच्या टोकावर बसले. “तुझा नमस्कार पोचवता आला नाही. चिमाआजी रविवारी गेल्या.”

तिच्या हातातली किटली तशीच राहिली. “गेल्या? पण तुम्ही काल...”

“काल तू म्हणालीस, त्यांच्याकडे सुतक आहे. कुणाचं वाटलं तुला?”

तिने किटली खाली ठेवली. मी तिला सगळं सांगितलं, आवाज न चढवता. आवाज चढवला असता तर मलाच रडू आलं असतं. टेबलावर पुस्तकाची छापील पानं पसरलेली होती. वरच्याच पानावर ती थाळी. आता आठवलं. काठ चेपलेली ती थाळी शिदूभाऊंच्या घरची. तीन पाण्यांचं ते वाक्य चिमाआजींचं. दोन वर्षांपूर्वी हर्षदाच्या ब्लॉगवर मी ते वाचलं होतं.

“याला पुरावा म्हणत नाहीत, काकू,” समीक्षा म्हणाली. आवाज फार बारीक होता.

“नाहीच म्हणत. मी पोलिसांकडे जायचं म्हणून आलेले नाही. उद्या अकरा वाजता सुनावणी आहे. झऱ्याच्या वाटेची. त्या फोटोंशिवाय अठरा घरांचं पाणी तुटेल.”

“झरा?” तिने वर पाहिलं. “कसली सुनावणी? मला... हर्षदा मला काही बोलली नव्हती.”

“तुला माहीत नव्हतं?”

“देवाशप्पथ नाही! मला फक्त त्या अकरा पोस्ट नको होत्या. प्रकाशकांनी लिहून मागितलं, मजकूर माझाच आहे म्हणून. सही केली आणि मग झोपच लागेना. कुणीही नेटवर शोधलं असतं तर तिच्या तारखा माझ्या आधीच्या. एक एक काढत बसले असते तर तिला कळलं असतं... म्हणून सगळाच...” ती खाली बसली. “काकू, मी त्या आजींच्या हातची भाजी खाल्लीय.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. “उघड,” मी म्हटलं.

तिने लॅपटॉप उघडला. बोटं चुकत होती, पासवर्ड दोनदा चुकीचा पडला. तिसऱ्यांदा कचरापेटी उघडली. ‘परत आणा’ या बटणावर ती थांबली, माझ्याकडे न बघता. मी श्वास धरून जप करत होते. एक चक्र गोल गोल फिरत राहिलं. इतका वेळ, की मला वाटलं, संपलं.

मग पान उघडलं. सगळ्यात वर शनिवारची पोस्ट होती. झऱ्याच्या दगडावर टेकलेल्या चिमाआजी, गुडघ्यावर हात, पायाशी भरलेली कळशी. खाली हर्षदाची एकच ओळ : आज आजी हट्टाने वाटेने चालत आली.

समीक्षाने तोंडावर हात घेतला. ती किती वेळ रडली ते मी मोजलं नाही. मी निघताना ती एवढंच म्हणाली, “प्रकाशकांना आजच फोन करते. पुस्तकावर काय नाव घालायचं ते हर्षदा सांगेल. बोलेल का ती माझ्याशी?”

“ते तिलाच विचार,” मी म्हटलं. “पण दहाव्याच्या आत भेटायला जा. आणि मोकळ्या हाताने जा.”

६

शुक्रवारी तहसीलदारांनी चष्मा काढून हर्षदाचा फोन डोळ्यांजवळ धरला. कैलासचे वकील काही बोलायला उठले, साहेबांनी हातानेच बसवलं. ते नुसतं बोट सरकवत राहिले. उन्हाळा, पाऊस, थंडी. हंडे, हंडे, हंडे. तीन वर्षं. शेवटी चिमाआजींच्या फोटोवर थांबले.

“या बाई आल्यात का आज?”

शिदूभाऊ उभे राहिले. “न्हाई, सायेब. रविवारी गेली ती. सत्तर वरसं त्याच वाटनं पानी आनलं तिनं.”

साहेबांनी फोन दोन्ही हातांनी परत दिला. खांब काढायचे आणि समक्ष पाहणी होईपर्यंत वाट अडवायची नाही, असा हुकूम त्यांनी तिथेच सांगितला. बाहेर कैलास कुणाशी न बोलता गाडीत बसला. नंदाबाईंनी स्नेहलच्या खांद्यावर हात ठेवला होता. शिदूभाऊ माझ्यासमोर आले, टोपी हातात.

“ताई, त्या दिशी म्या...”

“राहू द्या, भाऊ. मीही सगळ्यांवर संशय घेऊन बसले होते.”

त्या संध्याकाळी मी दोन दिवसांचा उपास सोडला आणि माझ्या ब्लॉगवर चार ओळी लिहिल्या : कुलूप लावलेल्या फोनच्या काचेवरही मेसेज दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन तो झाकता येतो. आजच झाका. ओटीपी कुणालाही वाचून दाखवू नका, ओळखीचं नाव सांगितलं तरीही. हे मी तीन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

शनिवारी पहाटे देवळापुढे आले, तर दीपमाळ पूर्ण अंधारात. एकही काच उजळत नव्हती. मी दचकले. जवळ जाऊन पाहिलं, फोन सगळे जागेवरच होते, पालथे. काचा दगडाकडे.

“सगळ्यांची तोंडं देवाकडं केल्यात,” केरबाआबा मागून म्हणाले. “एकेकाच्या दारी जाऊन इचारून आलो, मग हात लावला. बोलू नका, ताई. हसलात तरी चालतंय.”

मी हसले. दिवा लावला, हर्षदाच्या अंगणातून फोन आणला आणि फुटक्या कोनाड्यात पालथा ठेवला. हात काढते न काढते तोच तो गुरगुरला. कुणाचा तरी मेसेज होता.

आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.